तानाजीरावांचा मिनी पीसी आणि सासऱ्यांची भट्टी

"नवा लॅपटॉप काय, कुणीबी दुकानात जाऊन घेतंय! जुन्यातनं नवं उभं करतो, त्याला जवान म्हणत्यात!"

सुभेदार तानाजीराव विट्यातल्या आपल्या घराच्या सोप्यात उभं राहून हे म्हणाले, तेव्हाच कुणीतरी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण ठेवणार कोण? बायको मंगल भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि लेक प्रियदर्शनी मोबाईलवर लॅपटॉपचे फोटो बघत होती. तिनं मोबाईल बंद केला आणि एक लांब श्वास सोडला. पोरगी शहाणी. वडील एकदा 'जवान' म्हणाले की पुढं बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. प्रियदर्शनीला पुण्याच्या एका कंपनीनं नोकरीला निवडलं होतं. विम्याचे कागद कॉम्प्युटरवर तपासायचं काम. सोमवारी घरूनच एक दिवस काम करून दाखवायचं, त्यात पास झाली की घरून करायचं का ऑफिसात बसून, ते कंपनी ठरवणार. आणि घरून म्हटल्यावर तानाजीराव हरखूनच गेले होते. कारण ही पोरगी रांगायला लागली तेव्हा हा गडी लेहला. पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तेजपूरला. तिला गोवर आला ते त्यांना पत्रातनं कळलं. आता पेन्शन घेऊन घरी आले, तर पोरगी निघाली पुण्याला! ते काही नाही. पोरगी माडीवरच्या खोलीत काम करणार, संध्याकाळी खाली येणार, आणि बापाबरोबर कपभर चहा पिणार. एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं, दुसरं काही नाही.

"आवं पण कॉम्प्युटर?" मंगलनं विचारलं.

"मी सिग्नलमधला माणूस हाय! बर्फात गाडलेला वायरलेस बोलता केलाय मी! कॉम्प्युटर म्हंजे काय लय मोठं लागून गेलं का?"

झालं. तानाजीराव रहिमतपूरला गेले. तिथं त्यांच्याच पलटणीतले जयराज कंपन्यांतली जुनी मशिनं आणून विकत. मिनी पीसी म्हणे! अर्धा किलो पेढ्याच्या बॉक्साएवढा काळा डबा, पण आत अख्खा कॉम्प्युटर. तानाजीरावांनी एक मागितला, जयराजनी तीन काढले.

"तीन कशाला रं?"

"हे बघ, जुना माल हाय. एकेकट्याची गॅरंटी मी देत न्हाई," जयराज म्हणाले. "पण तिन्ही मिळून एक चालंल, ही जयराजची गॅरंटी!"

आता अशा गॅरंटीवर कुणी माल घेईल का? घेतला! 'सुट्ट्या भागांचा साठा' म्हणून वर आणि तानाजीराव खूश.

घरी आणून पहिला टीव्हीला लावला. चालूच होईना. दुसरा लावला, तो चालू झाला आणि पासवर्ड मागत बसला. तानाजीरावांनी आपलं नाव घातलं, बायकोचं घातलं, पलटणीचं घातलं, शेवटी वैतागून कुलदैवत सिद्धनाथाचं घातलं. डबा काही ऐकेना. तिसरा चालू झाला, पण इतका हळू, की बटण दाबून माणूस आंघोळ करून यावा! मग तानाजीरावांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिल्याची मेमरी काढली, दुसऱ्याची डिस्क काढली, दोन्हींचे पंखे काढले, पत्रे काढले, जे जे चांगलं दिसलं ते सगळं तिसऱ्यात ठासून बसवलं. दोन दिवस घरात कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. आणि काय सांगू, तिसरा डबा चालला! असा चालला, की प्रियदर्शनीनं स्वतः बसून बघितला आणि म्हणाली, "पप्पा, भारीच की वो!"

तानाजीरावांना पदक मिळाल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणीच आलं, पण सुभेदारानं ते घामाबरोबर पुसून टाकलं.

आता तिन्ही डबे दिसायला सारखे. घोटाळा नको, म्हणून तानाजीरावांनी देवघरातलं कुंकू आणून चालणाऱ्या डब्याला ठसठशीत टिळा लावला. नव्या वस्तूची पूजाही झाली आणि खूणही झाली! पण ही खूण आहे, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. लष्करी सवय! ज्याला माहिती लागत नाही त्याला द्यायची नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात सासरे आले. गुंडामामा, मंगलचे वडील. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हिरवा चष्मा, औषध घालायला लेकीकडं येऊन राहिलेले. मामांची उभी हयात तमिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात गेली. जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, हाच धंदा. आता गावी येऊन बसले होते, पण हात शिवशिवायचे. विट्याकडच्या गलाईवाल्याला रिकामं बसवणं म्हणजे शिक्षाच! घरात पितळेचा नळ तुटला तरी मामा तो आधी कानाशी धरून वाजवून बघायचे.

त्यांची नजर, म्हणजे जी काही होती ती, टेबलावर गेली.

"पाव्हणं, ह्या डब्यात सोनं असतंय म्हाईत हाय का?"

"असंल की मामा," तानाजीराव म्हणाले.

"असंल न्हवं, असतंयच! पट्टीवर मुलामा असतोय. सेलमला आमी पोतं पोतं आटवलंय." मामांचा आवाज एकदम तरुण झाला. "तुमाला ह्यातलं कुठलं लागत न्हाई?"

सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि दोन डबे तर रिकामेच होते. तानाजीरावांनी मोठ्या मनानं सांगितलं, "ज्याला कुंकू न्हाई ते दोन तुमचे, मामा! करा काय करायचं ते."

केवढा उदार जावई! आणि इथंच गाडी रुळावरनं उतरली.

शनिवारी सकाळी तानाजीराव साताऱ्याला मिलिटरी कँटीनला गेले. लेकीला बसायला चांगली खुर्ची आणायची होती. प्रियदर्शनी मैत्रिणीच्या हळदीला कुंडलला गेली होती. घरात राहिले मामा आणि मंगल. मंगलनं देवपूजा केली, दिवा फिरवत टेबलापाशी आली, आणि बघते तर काय, एकाच डब्याला कुंकू! बाकीचे दोन बिचारे पांढऱ्या कपाळानं बसलेले!

"अगं बाई! बरोबरीनं आणलेली तिघं, आणि कुंकू एकालाच? ह्यांना काय रीतभात?"

हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला कुणी तसंच परत पाठवतं का? मंगलनं उरलेल्या दोघांनाही छान मळवट भरला. वर तिन्हींना हात जोडले.

तासाभरानं मामा आले.

"मंगल, कुंकू न्हाई ते डबं कुठलं गं? मला तर सगळं हिरवंच दिसतंय."

"दादा, मी तर समद्यांना लावलंय."

मामा घोटाळले. आता खरं म्हणजे जावयाला एक फोन करायचा! पण एवढ्यातेवढ्याला जावयाला फोन करणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवाय गलाईतल्या माणसाला विचारायची गरज काय? धंद्यात एक शिकवण पक्की, की नजर फसते, तळहात फसत नाही. मामांनी पहिला डबा तळहातावर घेतला. हलका. दुसरा घेतला. हलका. तिसरा घेतला, आणि मामांच्या चेहऱ्यावर हसू फुललं. अहो, जडच की हा! भरलेला!

"ह्यात माल हाय," मामा म्हणाले, आणि परसात भट्टी पेटवली.

संध्याकाळी तानाजीराव डोक्यावर खुर्ची घेऊन गल्लीत शिरले तेव्हा शेजारच्या धोंडुबाई नाकाला पदर लावून दारात उभ्या होत्या.

"तानाजी, तुझा सासरा काय शिजवतुय रं? माझी शेळी सकाळधरनं शिंकतीय!"

 तानाजीरावांनी खुर्ची अंगणातच टाकली आणि पळत आत गेले. टेबलावर दोन डबे. दोन्हींना कुंकू! म्हणजे? एक मामांनी घेतला, आणि राहिलेल्या दोन्हींत आपला कुठला? त्यांनी एक उचलला. हलका. देवाचं नाव घेऊन दुसरा उचलला. तोही हलका. परत पहिला उचलला, न जाणो मघाशी चुकीचं लागलं असेल! हलकाच. दोन्ही हातांत दोन रिकामे डबे धरून तो सिग्नलचा सुभेदार मटकन खाली बसला.

इतक्यात परसातनं मामा आले. चेहरा काजळलेला, चष्म्यावर राख, आणि हातात सोनं आटवायची मातीची मूस, जपून धरलेली.

"पाव्हणं, निघालं! लय न्हाई, पर निघालं! बघा!"

तानाजीरावांनी मुशीत बघितलं. काहीच दिसेना. मामांनी बोटानं दाखवलं तेव्हा तळाशी एक पिवळा कण दिसला. मोहरी त्याच्यापुढं भोपळा वाटावी!

आता सांगा, या माणसानं काय करावं? स्वतःचा भाऊ असता तर गल्लीभर पळवला असता. पण सासरा! आणि तोही लेकराच्या तोंडासारखं तोंड करून शाबासकीची वाट बघत उभा!

"लय भारी, मामा," तानाजीराव म्हणाले. आवाज कुठनं आला, त्यांनाच कळलं नाही.

रविवारी त्यांनी जयराजला फोन लावला.

"तिन्ही मिळून एक चालंल म्हटलं हुतं. चाललं का न्हाई?" जयराजनी विचारलं.

"चाललं हुतं रं."

"मग माझी गॅरंटी संपली, गड्या!"

विट्यात रविवारी दुकानं बंद. ज्याच्या त्याच्याकडं लॅपटॉप मागितला. एकाचा पोराकडं, एकाचा दुरुस्तीला, आणि एकानं तर 'तुझं सासरं अजून हाईत का घरात?' असं विचारून फोन ठेवला. बातमी गावभर झाली होती.

प्रियदर्शनी कुंडलहून आली, हाताला मेंदी, केसात गजरा. तिनं टेबल बघितलं, बापाचं तोंड बघितलं आणि आजोबांची मूस बघितली. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर तानाजीरावांना बरं वाटलं असतं! सोमवारी सकाळी तिनं सरळ कंपनीतल्या माया मॅडमना फोन लावला, आणि स्पीकर चालू ठेवला.

"मॅडम, माझं मशीन गेलं."

"अगं, आज तर ट्रायल! काय झालं? व्हायरस आला का?"

"नाही मॅडम. आजोबा आले."



"म्हणजे?"

"त्यांनी वितळवलं. सोनं काढायला."

तानाजीराव खुणा करत होते, 'लाइट गेली म्हण, लाइट गेली म्हण!' पण पोरगी खरं बोलायला त्यांनीच शिकवली होती, पत्रातनं का होईना. पलीकडं मॅडम आधी खुदकन हसल्या, मग त्यांनी आणखी चौघांना बोलावून सगळं परत सांगायला लावलं, मग तेही हसले.

"नोकरीत इतकी वर्षं गेली, पण असं कारण ऐकलं नव्हतं!" मॅडम म्हणाल्या. "तू असं कर, पुण्यालाच ये. ट्रायल इथं घेऊ."

तानाजीरावांना धीर आला. ट्रायलपुरतं तर जायचंय! पास होईल आणि येईल परत. त्यांनी लेकीला एसटीत बसवलं, खिडकीतनं पाण्याची बाटली दिली, आणि घरी येऊन ती नवी खुर्ची माडीवर नेऊन पुसून ठेवली.

चार दिवसांनी व्हिडिओ कॉल आला.

"पप्पा, पास झाले!"

"शाब्बास गं माझी वाघीण! मग कवा येतीस? मी स्टँडवर येतो."

"पप्पा, तुमचं बरोबर हुतं बघा. इथं सगळ्या टेबलांवर तसलेच डबे हाईत. जुनेच. आणि लय चांगले चालत्यात."

तानाजीरावांची छाती फुगली. "मंगल, ऐकलंस का? ऐकलंस? मी काय म्हणत हुतो!"

"आणि घरनं काम करणाऱ्यांना कंपनी स्वतःच तसला एक डबा पाठवती. फुकट."

"आरं वा! मग पाठवा म्हणावं! आपला पत्ता दिलास का?"

 पोरगी हळूच म्हणाली, "पत्ता हाय त्यांच्याकडं. पण त्यांनी मीटिंग घेतली, पप्पा. माझ्या एकटीसाठी. ह्या घरी मशीन पाठवायचं न्हाई, असं ठरलंय. मला हितंच बसायचंय. खोली बघितलीय मी, मैत्रिणीबरोबर."

 तानाजीरावांची उभी नोकरी सरहद्दीवरनं घरी पत्रं धाडण्यात आणि फोन करण्यात गेली, आणि आता फोन हातात धरून ते लेकीला एवढंच विचारू शकले, "जेवलीस का?"

"व्हय, पप्पा."

मागं कॉटवर पडलेले गुंडामामा हिरवा चष्मा सावरत कधीच उठून बसले होते. त्यांनी जावयाच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला, मोबाईलपाशी तोंड नेलं आणि विचारलं,

"पोरी, तिथं टेबलं किती हाईत गं एकंदर?"