गुडघ्याचा मान

थीम पार्कच्या फाटकातून आत शिरून शंभर पावलं झाली नाहीत तोच माई एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी इथं पिशव्या सांभाळते."

पिशवी एकच होती, आणि ती जावयाच्या खांद्यावर होती. त्यामुळे खरं कारण सगळ्यांना लगेच कळलं. माईंनी तीस वर्षं कापडाच्या दुकानात उभं राहून काढली होती आणि आता दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता.

त्यांच्या शेजारी त्यांच्या विहीणबाई कंबरेवर हात ठेवून ताठ उभ्या होत्या. शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली, म्हणून सगळं गाव त्यांना कवायतबाई म्हणे. अडुसष्टाव्या वर्षीही त्या चार मजले जिन्यानं चढत. त्यांचा मुलगा, म्हणजे माईंचा जावई, लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि सख्खी आई लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही याचं त्याला मनातून वाईट वाटे.

फाटकाजवळच्या खिडकीत चालायला त्रास होणाऱ्यांसाठी साधनं मिळत होती. साधी व्हीलचेअर, बसायला पट्टी असलेला चाकांचा वॉकर, आणि बॅटरीवर चालणारी लाल स्कूटर. स्कूटरला पुढं टोपली होती आणि हँडलवर हॉर्न.

"वॉकर बरा," कवायतबाईंची सून, म्हणजे माईंची लेक, आईला म्हणाली. "दमलीस की त्याच्यावरच बस."

"व्हीलचेअर घेऊ ना, मी ढकलतो," जावई म्हणाला.

"मला काही नको बाई," माई संकोचल्या. "लोक म्हणतील, म्हातारी झाली."

"अहो विहीणबाई, त्यात लाजायचं काय?" कवायतबाई पुढं सरसावल्या. "स्कूटरच घ्या. कोणावर भार नको. सगळ्यांनाच देव सारखे पाय देतो थोडाच?"

शेवटचं वाक्य त्यांनी फार कनवाळूपणे उच्चारलं आणि स्वतःच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. स्कूटर ठरली.

आपण काय करून बसलो हे कवायतबाईंना पाच मिनिटांत कळलं. पाच वर्षांची नात तोवर त्यांचं बोट धरून चालत होती. माईंनी सहज हॉर्न दाबला, पीं! नातीनं बोट सोडलं आणि ती थेट माईंच्या मांडीवर जाऊन बसली.

मग घोड्यांच्या चक्राशी आणखी एक गंमत कळली. स्कूटरवाल्यांना वेगळं दार होतं आणि सोबत फक्त दोघांना प्रवेश होता. माईंनी लेक आणि नात घेतली. कवायतबाई मुलाबरोबर उन्हात चाळीस मिनिटं रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर लागला तेव्हा आतली मंडळी दोनदा घोड्यावर बसून आइस्क्रीम खात बसली होती.

"मजा आहे बाई तुमची," कवायतबाई म्हणाल्या. 'मजा' या शब्दाला बारीक काटे होते.

तेवढ्यात अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस आला आणि त्यानं माईंना कडक सलाम ठोकला. नात खिदळली. कवायतबाईंनी आयुष्यभर हजारो मुलांना सलाम शिकवला होता. अस्वलानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून निघताना त्या लंगडू लागल्या.

"आई, पाय मुरगळला का?" मुलानं विचारलं.

"काही नाही रे. तू चाल. माझं काय एवढं!"

"उजवा का?"

"हो, उजवाच."

सरबताच्या गाडीपर्यंत उजवा दुखला. सरबत पिऊन झाल्यावर त्या डाव्यानं लंगडू लागल्या. लिफ्टमध्ये काही बिघाड नसताना धोक्याची घंटा दाबणारी माणसं मुलाला चांगली ठाऊक होती. अशा वेळी वाद घालायचा नाही, जाऊन दार उघडायचं, हेही त्याला ठाऊक होतं. तो मुकाट्यानं खिडकीशी गेला. स्कूटर एकही शिल्लक नव्हती. एक साधी व्हीलचेअर मिळाली, आणि कवायतबाई तिच्यात बसल्या.

बसल्या खऱ्या, पण सुख काही लाभेना. त्या उंचीवरून जगात नुसते पट्टे आणि पोटं दिसत होती.

"हळू रे, खड्डा आहे. अरे, इतकं हळू नको, त्या पुढं गेल्या!"

नात पळत आली. खुर्चीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "आजी, तुझ्या गाडीला हॉर्न नाही?"

"नसू दे. मागं तुझे बाबा आहेत ना? बाबा पीं करतील."

अडतीस वर्षांच्या बाबांनी भर रस्त्यात पीं केलं. नातीला ते दोन मिनिटं पुरलं. मग ती खऱ्या हॉर्नकडे परत गेली.

दुपारी दोनच्या सुमाराला पार्कच्या मुख्य रस्त्यावर माईंची स्कूटर एकाएकी थांबली. सकाळपासूनच्या फेऱ्यांनी आणि हॉर्ननी बॅटरीचा जीव गेला होता. आणि नेमकी त्याच वेळी वळणावरून मिरवणूक आली. पुढं बँड, मागं दोन पायांवर चालणारी बदकं, त्यांच्या मागं चाकांवरचं भलंमोठं जहाज. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोर बांधलेले होते.

"रस्ता सोडा, रस्ता!" पहारेकरी ओरडला.

मुलगा आईची खुर्ची सोडून धावला आणि स्कूटर ढकलू लागला. चाकं हलेनात. माई उठल्या, गुडघ्यानं नकार दिला, त्या परत बसल्या.

हे सगळं कवायतबाई तीन पावलांवरून बघत होत्या. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना बरं वाटलं. अगदी क्षणभरच. मग त्यांना माईंचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता आणि एका हातानं त्यांनी नातीला घट्ट धरलं होतं.

कवायतबाई ताडकन उठल्या. खुर्ची ओढत दोन ढांगांत तिथं पोचल्या.

"विहीणबाई, माझ्या खांद्यावर हात टाका. एक, दोन, उठा! वळा! बसा!"

"अहो, या तर चालतात!" पहारेकऱ्यानं तोंडात बोट घातलं.

बँड अंगावर आला होता. डावीउजवीकडे वाट नव्हती, फक्त पुढं होती. कवायतबाईंनी खुर्चीचे दांडे धरले आणि ढोलाच्या ठेक्यावर चालू लागल्या. डावा, उजवा, डावा, उजवा. शेजारून नात गुडघे छातीपर्यंत उचलत निघाली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला, फोन वर झाले. माई अवघडून हात हलवू लागल्या.

थोड्या वेळानं मान न वळवता माई म्हणाल्या, "पाय बरा झाला वाटतं."

"झाला."

"कुठला दुखत होता?"

कवायतबाईंनी खुर्ची जरा जोरात ढकलली.

"आठ वर्षं ऐकतेय मी," माई पुढं म्हणाल्या. "माझी पोटची पोर फोनवर मलाच सांगते, 'आमच्या आईंचे पाय बघ, पहाटे उठून चार मैल चालतात.' मी म्हणते, हो गं बाई. आज जन्मात पहिल्यांदा माझ्या गुडघ्याला मान मिळाला, तर तुम्ही त्यातही वाटणी मागितलीत!"

बँड वाजत होता म्हणून बरं. माफी मागायची कवायतबाईंना सवय नव्हती. बरंच अंतर चालून गेल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माईंच्या डोक्यावर ठेवली.

"ऊन लागतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

माईंनी टोपी नीट बसवून घेतली.

इकडे मुलानं तोवर स्कूटरची कळ शोधून चाकं मोकळी केली होती आणि ते धूड ढकलत एकट्यानं फाटकापर्यंत नेलं होतं. वाट सगळी चढाची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठला तो काटकोनात. बायकोनं शेक दिला, पण तो काही सरळ होईना. तिकिटं दोन दिवसांची होती, म्हणून सगळे तशाच अवस्थेत त्याला घेऊन पुन्हा पार्कात आले.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "आज स्कूटर कोणासाठी?"

"याच्यासाठी," दोन्ही आज्या एका आवाजात म्हणाल्या.

माईंनी व्हीलचेअर मागून घेतली आणि तिचे दांडे कवायतबाईंनी कोणाला हात लावू दिले नाहीत. आता नात आपल्याकडेच येणार, याची दोघींनाही मनातून खात्री होती. नातीनं या आजीकडे पाहिलं, त्या आजीकडे पाहिलं आणि बापाच्या मांडीवर चढून बसली. पीं! स्कूटर निघाली. सून हसत तिच्यामागं धावली.

दोघी बघत राहिल्या.

"विहीणबाई, तुमचा मुलगा लहानपणापासून असाच का हो?" माईंनी विचारलं. "जरा दुखलं की आडवा?"

"अगदी असाच. कौतुक करून घ्यायची भारी हौस."

"मला तर कंबर एवढी दुखत असेल असं वाटत नाही."

"मलाही नाही."

माईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मग बघता काय? घ्या ठेका. गाठू त्याला!"