गोदावरीबाईंची हुरड्याची स्वारी

श्रीसिद्धेश्वर साक्ष. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, पौष वद्य पक्षी लातूर शहरी वेळेची बहुत टंचाई पडली, ते हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पाण्याची टंचाई पडली तर टँकर येतो. वेळेचा टँकर अद्याप कोणी काढिला नाही, सबब ज्याचे घरी बारावीचे लेकरू त्याचे घरी मिनिटा-मिनिटास मारामार. यात लेखकाने पदरचे काही घातले नाही, आणि घातलेच असेल तर चवीपुरते.

ते समयी शहरी राजश्री अनंतराव औसेकर, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, मोठा करारी पुरुष. त्र्याण्णव साली भूकंप जाहला आणि अवघा मुलूख एवढेच शिकला, की उद्याचा भरवसा नाही, आहे तो दिवस गोड करून घ्यावा. रावांनी ऐसा अर्थ काढिला, की उद्याचा भरवसा नाही, सबब आजचे प्रत्येक मिनिट उद्याच्या कामी जुंपावे. घ्या! आता या शहाणपणास काय म्हणावे? मग एकुलती कन्या चिरंजीव मृण्मयी कॉलेजात दाखल होताच रावांनी मोठ्या कागदावर तीन रंगांच्या शाईने वेळापत्रक लिहून भिंतीस डकविले, आणि त्यात पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन पाडिले, आणि दात घासणे, भौतिकशास्त्र, वेणी घालणे, वनस्पतिशास्त्र ऐसा ज्याचा त्यास चौकोन बहाल केला, आणि हसणे यास चौकोन नव्हता. न्याहारी करतेवेळी समोरील भिंतीवरची रसायनाची सूत्रे वाचावी ऐसे फर्मान होते, सबब पोरगी दोन वर्षे पोहे खात होती, परंतु पोह्यांत मीठ पडले की नाही हे तिजला एक दिवसही सांगता आले नाही.

दुसरे फर्मान उतरंडीचे. भूकंपामागून आमचे मुलखी घरोघर तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी ऐसी भांडी रचून ठेवीत, की जमीन हलली तर ती कोसळून निजला माणूस जागा व्हावा. लोकांनी वर्षा-दोन वर्षांत भांडी उतरवून त्यांत चहा पिण्यास आरंभ केला. रावांचे घरी मात्र लोखंडी कपाटावर ती चार वर्षे खडी होती. उतरंड पडताच सकळांनी हातचे काम टाकून छताखालून निघावे, मोकळ्या रानी जावे, आणि दिवस मावळेतो माघारी फिरू नये, यात कोणास माफी नाही, खुद्द हुजुरांसही नाही, ऐसा हुकूम रावांच्या सहीनिशी दाराआड लाविला होता.

रावांचे कुटुंब सौभाग्यादिसंपन्न वज्रचुडेमंडित गोदावरीबाई. यांचे बंधू शेषेराव औशाच्या रस्त्यास शेती करून होते. तीनचाकी पागेचे सरदार सलीमभाई, जे आपल्या ऑटोतून मृण्मयीस क्लासास नेत आणि आणीत, त्यांचे हाती शेषेरावांनी निरोप धाडिला: "आक्का, हुरडा लागलाय. आठ-धा दिसाचा खेळ हाय, मग दाना कडक हुतोय. रविवारी पोरीला घिऊन ये."

निरोप ऐकून बाईंस मागले निरोप आठवले. बाईंची थोरली बहीण सिंधु, तेरणेकाठी दिलेली, ती दरसाल ऐसाच निरोप धाडी, आणि बाई दरसाल उलट निरोप देत, की यंदा घरी कामे फार, पुढल्या साली नक्की येते. त्र्याण्णवच्या हुरड्यासही तोच निरोप गेला, आणि सप्टेंबरात सिंधुचे घर बसले ते सिंधुस घेऊन बसले. तेव्हापासून 'पुढल्या साली' हे शब्द कानी पडले, की बाईंस घास जात नसे. आणि आता पोरगी जूनमध्ये मेडिकलला जाणार, मग होस्टेल, मग सासर, मग माहेरी यायची ती पाहुणी म्हणून. त्याआधी एक दुपार, एकच, पोर आपल्याजवळ बसावी आणि बसलेली असावी, इतकेच बाईंचे मागणे. हे काय फार जाहले? लेखकास तर वाटत नाही.

मग रविवारी सकाळी बाईंनी हुजुरास अर्ज गुदरला. रावांनी तो शांतपणे ऐकून निवाडा दिला, की हुरडा मंजूर. मात्र परीक्षेमागून, एप्रिलाची वीस तारीख, दुपारी चार ते साडेचार. आणि लगोलग हिरव्या शाईने वेळापत्रकाचे तळाशी नोंदही केली. एप्रिलात हुरडा! अहो, एप्रिलात त्या रानी ढेकळांवाचून काही दिसत नाही, आणि हे साहेब तेथे हुरडा खाणार!

बाईंनी अठरा वर्षे ऐकून घेतले होते, परंतु आता पदर खोचिला आणि म्हणाल्या, "एप्रिलात काय कडबा चारता का लेकराला?"

या वाग्बाणाने राव बहुत खवळले, आणि वेळ ही चीज काय आहे ते तुम्हांस कळेल तो सुदिन ऐसे गर्जून त्यांनी शेजारील लोखंडी कपाटावर मूठ हाणिली, आणि कपाट हादरले, आणि वाटी पेल्यावरून सुटली, पेला तांब्यावरून सुटला, आणि चार वर्षांची उतरंड ऐसी खणखणत भुईस आली की गल्लीतली कुत्री भुंकू लागली. मूठ कोणाची आणि आवाज कशाचा हा विचार करण्यास रावांस अवकाश कोठला? छताखालून सर्वांआधी तेच निघाले, पायी चप्पल नाही आणि काखेत वेळापत्रकाची नक्कल. पाठोपाठ मृण्मयी, हाती प्राणिशास्त्राच्या नोट्स. सर्वांमागून बाई, पायी चप्पल, हाती रावांची चप्पल, आणि पिशवीत तिळाची चटणी व गुळाचा खडा.

दारी सलीमभाईंचा ऑटो क्लासासाठी उभाच होता. ते म्हणाले, "काय झालं काका? काय हल्लं न्हाई की!"

बाईंनी त्यांजकडे डोळे वटारून पाहिले. सरदार मोठे समजूतदार. "हाव हाव, हल्लं," ते म्हणाले, "माझा ऑटो पण हल्ला." यात खोटे काही नव्हते; तो ऑटो चालू जाहला की हलतच असे.

मग बाईंनी दाराआडचा हुकूम मुखोद्गत म्हणून दाखविला, आणि विचारिले, "मोकळं रान पाहिजे ना? माझ्या भावाच्या रानाइतकं मोकळं लातुरात कुठे आहे, सांगा बरं." हुकुमावर सही खुद्द रावांची. मूठही बाईंनी पाहिली होती आणि उतरंडही, परंतु चालत्या डावात मुत्सद्दी बोलत नाही. आणि मग फौज ऑटोत बसून औशाच्या रस्त्याने कूच करती जाहली.

रानी शेषेरावांनी आगटी पेटविली होती. गोवऱ्यांचे निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसे भाजीत, आणि ती गरम असता चोळून दाणे काढीत, आणि तो हुरडा हाती पडताच खावयाचा. निवला की मजा गेली. रावांनी मनगटीचे घड्याळ पाहून हुकूम सोडिला, की हुरड्यास वीस मिनिटे, मग मावळेतो येथेच अभ्यास.

आणि येथेच मोहीम फसू लागली. मृण्मयीने डावे हाती नोट्स धरिल्या, उजवे हाताने हुरड्याची चिमूट तोंडी टाकिली, आणि बेडकाच्या हृदयाचे कप्पे मोजीत, मान वर न करिता म्हणाली, "छान आहे." पोह्यांस म्हणे तैसेच. बाईंच्या काळजाचे पाणी पाणी जाहले. एवढा मुलूख मारून आणिला, आणि पोर आलीच नव्हती!

मग बाईंनी स्वतः निखाऱ्यातून दोन कणसे ओढिली, बोटे भाजली ती भाजू दिली, चोळिली, आणि लेकीपुढे बसून म्हणाल्या, "हात कर. एक नाही, दोन्ही."

दोन हात पुढे करावयाचे म्हणजे नोट्स ठेवणे आले. बेडूक ढेकळांत पडला.

"आई गं, भाजतंय!"

"मग फुंक की."

पोरीने ऐसी फुंकर घातली, की अवघा भुसा उडून तीर्थरूपांच्या मिशांत बसला, आणि तिजला हसू फुटले, चौकोनाविना, परवानगीविना. मग तिने ओंजळ तोंडास लाविली, आणि दोन वर्षांत प्रथम चावणे थांबवून आईकडे पाहिले. "किती गोड आहे गं! दरवर्षी असाच असतो?"

"दरवर्षी असतो," बाई म्हणाल्या, "आपणच नसतो." आणि त्यांस रडू आले, आणि धूर फार आहे ऐसे त्यांनी सांगितले, आणि लेक तेथून सरकून आईच्या मांडीस मांडी लावून बसली.

इकडे राव वीस मिनिटे भरली हे जाहीर करावयास उठले, तो शेषेराव आडवे आले. "दाजी, धरा, गरम हाय!" आणि रावांच्या दोन्ही तळव्यांत वाफाळता हुरडा ओतिला. राव थोर पेचात पडले. ओंजळ धरावी तर घड्याळाची तबकडी भुईकडे. तबकडी पाहावी तर मनगट फिरवावे लागते, आणि मनगट फिरविले की हुरडा मातीत. राव क्षणभर विचार करिते जाहले, आणि मग खाली बसून खाते जाहले. दुसरे ओंजळीस कपाटावरील मूठ त्यांचे ध्यानी आली आणि ते काही बोलणार होते, तो सलीमभाईंनी चटणी पुढे केली, आणि तोंड त्या कामी लागले. तिसरी ओंजळ त्यांनी मागून घेतली.

ऐसी गोदावरीबाईंची फत्ते जाहली. रिवाज ऐसा, की फत्तेची वेळ घटका-पळांनिशी नमूद करावी. सबब लेखकाने शेषेरावांस पुसिले, सलीमभाईंस पुसिले, मृण्मयीस पुसिले, अखेर खुद्द अनंतरावांस पुसिले. राव बराच वेळ आठवीत बसले, आणि मग ओशाळून म्हणाले, की ऊन होते. सबब येथे वेळेची जागा कोरी सोडिली आहे. ती लेखकाची चूक समजू नये.