पिवळ्या इशाऱ्यांची हळद आणि रेवतीबाईंचा साखरपुडा

श्रीगजाननास वंदन, विजेच्या देवीस नमन, आणि ज्याचा बिल्ड पहिल्या झटक्यात होतो त्या पुण्यवंतास लांबूनच दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी ॲपकर्त्यांच्या राज्यात जो गोंधळ जाहला तो जैसा घडला तैसा लिहिला आहे.

राज्यात बिल्डयंत्र नामे जुना गाडा होता. कारागीर कोड लिहीत, आणि परमुलखाहून आयत्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कोडाचे तुकडे, आणीत, मग यंत्र सारे जोडून ॲप उभे करी; या जोडणीस बिल्ड म्हणत, आणि ती साधली तर यंत्र हिरवा दिवा लावी. एखादी लायब्ररी जुनी जाहली तर यंत्र पिवळा इशारा देई, कीं 'ही पुढे चालणार नाही'. परंतु त्या राज्याची रीतच न्यारी. पिवळे म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे शुभशकुन, ऐसे म्हणोन सारे आनंदाने चहास जात. धन्य ते लोक!

तों दिवाण गुंडोपंत कोण्या परिषदेस जाऊन आले, आणि तेथील फुकटची पिशवी खांद्यास मारून दरबारी बोलिले, "आपलें यंत्र अजून पाचव्या आवृत्तीचें? लाज आहे लाज! आजच आठवी चढवा." मग यंत्राच्या सरदार रेवतीबाई उठल्या. संध्याकाळी त्यांचा साखरपुडा, आणि दुपारची रजा मंजूर. बाई विनविती जाहल्या, "पंत, आधी लायब्रऱ्या वर नेऊ, मग यंत्र, तेही एकेक पायरीने. एकदम उडी मारली तर तंगडी मोडेल." पंत हसोन म्हणाले, "अहो, बटण तर दाबायचें! बिल्ड हिरवा होताच निघा. तोंवर रजा नाही." आणि स्वहस्ते बटण दाबते जाहले.

मग काय विचारता! आठवे यंत्र कडक शिस्तीचे, जितकी हळद होती तितकी एका दमात लाल जाहली, आणि बिल्ड अडला. हिशेबाची लायब्ररी म्हणे, मज पंचांगाची लायब्ररी जुनीच पाहिजे, आणि निरोपाची म्हणे, नवी नसेल तर मी हलत नाही, आणि यंत्र म्हणे, एका ॲपात दोन पंचांगे नांदणार नाहीत. पंतांनी जुने बसविले तों निरोप बंद, नवे बसविले तों हिशेब बंद, मग पंतांनी सत्यनारायण बोलिला. इतक्यात फोन वाजला आणि आईसाहेब कडाडल्या, "अगं, नवरदेव येऊन बसलाय! चहा गार झाला त्याचा. येतेस, की त्या यंत्राशीच लग्न लावून देऊ तुझं?"

बाईंस रडू आले, आणि मग रडण्याचाच संताप आला. "सरका हो पंत!" म्हणोन त्यांनी दिवाणांस खुर्चीवरून उठविले, यंत्र पुन्हा पाचवे केले, आणि आजवरची सारी हळद बसून वाचली. नव्या पंचांगाशी नांदेल ऐसी हिशेबाची नवी लायब्ररी आणिली, मग यंत्र सहावे, मग सातवे, मग आठवे, प्रत्येक पायरीस हिरवे पाहोन पुढे. पंत मागे पिशवी धरून उभे होते. बिल्ड हिरवा जाहला तैसे म्हणाले, "मी तेंच तर म्हणत होतों." बाई धावत सुटल्या.

घरी पोहोचल्या तों सासूबाईंनी हळदीचे बोट पुढे केले, आणि बाई दचकून मागे सरल्या. "थांबा, आधी वाचू द्या!" सारे खो खो हसले. नवरदेव तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "वाचा की सावकाश. मी थांबतो."

इति वृत्त इतुकेच. यंत्र आठवे जाहले, राज्यात पिवळे दिसले कीं वाचता वाचता चहा गार होऊ लागला, पंत पुढल्या परिषदेस गेले, आणि रेवतीबाईंनी बोट पुढे करून अंगठी घालून घेतली.