खडा दिसला पाहिजे

बिबवेवाडीतल्या एखाद्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कुणी तांदळाचं ताट घेऊन शिरताना दिसलं, तर ते आमचे शेजारी खळदकर. ताटात मूठभर तांदूळ आणि त्यात मुद्दाम टाकलेले पांढरे खडे. दुकानदाराने बल्ब लावायचा, खळदकरांनी ताट त्याखाली धरायचं आणि नापसंतीने मान हलवायची. "खडा दिसला पाहिजे," एवढीच त्यांची अट. वॉट, वॉरंटी, वीजबचत हे सगळे त्यांच्या मते रिकामटेकड्यांचे चाळे.

"काका, दिवा घ्यायचाय की तांदूळ विकायचाय?" एका दुकानदाराने विचारलं.

"आपण दिवे दाखवा. विनोद आम्हाला घरी मिळतात."

आमच्या इमारतीतली स्वयंपाकघरं डक्टकडे उघडतात. भर दुपारी दिव्याशिवाय चहाचं आधणसुद्धा दिसत नाही, तेव्हा दिव्याची काळजी मी समजू शकतो. पण खळदकरांनी निवृत्तीनंतर त्याचं व्रतच घेतलं. आधी ट्यूब काढून पिवळसर बल्ब लावला. "यात तूरडाळ आणि हरभराडाळ सख्ख्या बहिणी दिसतात," म्हणून तो उतरवला. मग छतावरून लटकणारा काचेचा दिवा आला. तो त्यांच्याच कपाळाला लागायचा, शिवाय ओट्याशी उभं राहिलं की आपली सावली पोळपाटावर. त्यानंतर छताला चौकोनी पॅनेल, फडताळाखाली उजेडाची पट्टी, भिंतीवर आणखी एक बल्ब. तरी पालुपद एकच, "अजून मंदच आहे."

आम्हाला तो अजिबात मंद नव्हता. डक्टच्या पलीकडे आमचं स्वयंपाकघर. तिथे दूध तापवताना माझी बायको डोळ्यांवर आडवा हात धरायची.

"तुमच्यामुळे आमचं बिल वाचतं, उपकार आहेत," मी एकदा जिन्यात म्हणालो.

"पण तुमच्याकडे खडा दिसतो का?" खळदकरांनी गंभीरपणे विचारलं. मी मनातल्या मनात चार शब्द हासडले आणि खाली उतरलो.

शेवटी एका गुरुवारी मी भांडायलाच गेलो. दार खळदकरांनी उघडलं. हातात नव्या बल्बचं खोकं होतंच. स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि माझे डोळे दिपले. खाली पाटावर मालतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मान भिंतीकडे, बोटं ताटात. खडा लागला की तो चिमटीत धरून वाटीत टाकत होत्या. मधुमेहाने त्यांचे डोळे बिघडलेत, उपचार चालू आहेत, एवढं सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. किती बिघडलेत, ते कुणी विचारलं नव्हतं.

"बघा ना भाऊजी," आवाज ओळखून वहिनी म्हणाल्या, "हाही मंदच निघाला. हे एवढी पायपीट करतात आणि दुकानदार फसवतात. सूनबाई म्हणते, आई, गॅसपाशी जाऊ नका, स्वयंपाकाला बाई ठेवू. मला माझ्याच स्वयंपाकघरात बंदी! नीट दिवा मिळू दे, मग माझं मी सगळं करीन."

वहिनींच्या मागे उभ्या असलेल्या खळदकरांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. त्या माणसाने कधी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

"हो, आहे खरा जरा मंद," मी म्हणालो. "आमच्याकडेही याच कंपनीचे आहेत."

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे गुरुवारी जाते तशीच. पॅनेल, पट्टी, बल्ब, सगळं एकदम विझलं. मला समोरचं ताट दिसेना.

वहिनींची बोटं थांबली नाहीत. एक खडा टक्कन वाटीत पडला, मग दुसरा.

मंद दिसणं आणि काहीच न दिसणं यातला फरक खळदकरांनाही बहुधा त्याच क्षणी कळला. त्यांच्या हातातलं खोकं वाजलं.

"नवा आणलाय. लावून बघू?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "हाच राहू दे. आता उगाच दुकानं हिंडू नका. दमता तुम्ही."

"बरं."

खळदकर भिंतीला धरून खाली बसले, चाचपडत ताट शोधलं आणि वहिनींच्या शेजारी तांदूळ निवडू लागले.