चालू भट्टीकडे पाठ

“पाठ करा, पाठ! वरण गरम होऊन राहिलं!”

समोरच्या मारोतराव काकांच्या घरातून हा आवाज रोज दुपारी येतो. त्या वेळी आत जो असेल तो हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करतो. मी पहिल्यांदा वाटी परत द्यायला गेले, तर काकांनी दारातच वळण्याची खूण केली. शेजारी गॅसची टाकी आणणारा माणूस उभा होता. तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला, “ताई, घंटी वाजेस्तवर हलू नका. लई रागावतेत.”

मायक्रोवेव्ह ओव्हनला काका ‘भट्टी’ म्हणतात. काम झालं की तिच्यावर वाकळ टाकतात, टोपलीखाली साप कोंडल्यासारखी. “लहरी दिसत न्हाईत पोरी, म्हणून बेक्कार. इस्तू दिसतो, माणूस हात तरी मागं घेतो.”

काकांचा अधिकार मोठा. “माझी अख्खी नोकरी मायक्रोवेव्हमधी गेली,” असं ते कोणालाही सांगतात. कॉलनीत नव्या आलेल्या एका बाईंनी त्यांना भाबडेपणानं केक कसा करतात ते विचारलं होतं. खरं तर काका टेलिफोन खात्यात होते. मुखेडकडच्या एका माळावर खात्याचा मायक्रोवेव्ह टॉवर होता. लोकांचं बोलणं त्यावरून पुढच्या टॉवरकडे जायचं आणि तिथली यंत्रं काका सांभाळायचे. ट्रेनिंगमध्ये साहेबांनी बजावलं होतं, चालू यंत्राच्या उघड्या नळीला डोळा लावू नका, डोळ्यातलं भिंग उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं होईल.

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. जोरदार लहरींनी भिंग तापतं, आणि त्यात रक्त खेळत नसल्यामुळे लवकर निवतही नाही. पण ओव्हनच्या दाराला जाळी असते, लहरी आतच राहतात. हे मला ठाऊक आहे, कारण मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. काकांना मात्र कधी सांगितलं नाही. पेशंट सोडून कोणाशी बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो.

काकांच्या पुतणीला बघायला लातूरची मंडळी आली, तेव्हा तर कमाल झाली. चहा निवला होता. काका गरजले, “पावनं, पाठ करा!” मुलगा, मुलाचे वडील, मामा, सगळे वळले. समोर भिंतीवर बालाजीचा फोटो. चहाआधी दर्शन घ्यायची या घरची रीत असेल, असं वडिलांना वाटलं. त्यांनी हात जोडले. मामांनी तर डोळे मिटून घेतले. घंटी वाजल्यावर दोघांनी प्रसादासाठी हात पुढे केले आणि काकांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, चाचपून त्यावर एकेक बिस्किट ठेवलं. लग्न जमलं. “घर लई धार्मिक हाय,” असं ती मंडळी अजून सांगतात.

एवढी भीती, तर भट्टी घरात कशाला? एकदा धीर करून मी विचारलंच. उत्तर काकूंनी दिलं.

“मला गॅसची ज्योत दिसत न्हाई बाई. हात भाजला, मग पुण्याच्या लेकानं हे धाडलं. तवापासून सैपाकघरात ह्येंचं राज.”

“काय झालंय डोळ्यांना?”

“मोतीबिंदू. दवाखान्यात चला म्हणलं की ह्ये म्हणतेत, पिकू द्या अजून. सीताफळ हाय का ते?”

काका वाकळ उगाच सारखी करत राहिले.

मला कोडं पडलं. अख्ख्या कॉलनीचे डोळे राखणारा माणूस बायकोचे डोळे दाखवायला नेत नव्हता.

पुढच्या आठवड्यात गेटपाशी त्यांनी मला थांबवलं. बोलले ते गेटच्या कडीकडे बघत.

“पोरी, एक इचारू? नवं लगीन होतं आमचं. सुमन रोज डबा घेऊन माळावर यायची. टॉवरच्या बुडाला सावलीत बसायची. मीच म्हणायचो, थांब गं, संगं जाऊ.” त्यांनी कडी लावली, पुन्हा काढली. “आता तिचा डोळा पांढरा दिसून राहिला, अंड्यावानी. डॉक्टर म्हणला की टॉवरनंच झालं, तर तिला कोणतं तोंड दाखवू?”

टॉवरच्या लहरी उंचावरून सरळ पुढच्या टॉवरकडे जातात, खाली सावलीत बसलेल्या माणसाला त्यांनी मोतीबिंदू होत नाही. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, “आवो, भट्टी!” आणि काका वळले. मी घाईनं एवढंच म्हणाले, “उद्या काकूंना घेऊन या.”

“तू असशील का तिथं?”

“हो.”

ते आले. डॉक्टरांनी तपासलं, वयाचा मोतीबिंदू म्हणून ऑपरेशन ठरवलं. काका तेवढा वेळ बाहेर बाकावर बसून होते. आत यायला तयार नव्हते, आणि नंतरही त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनी काकूंची पट्टी काढली. काकूंनी पापण्या फडफडवल्या. आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आगं बाई! ही ओढणी निळी हाय व्हय? मी आपली म्हणायचे, पोरगी रोज मळकं पांघरून फिरती.” सिस्टर हसायला लागल्या. काकू खोलीभर नजर फिरवत होत्या. “आन् ह्ये कुठं हायेत?”

काका कोपऱ्यात होते. भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, घंटीची वाट बघावी तसे.

या वेळी वाक्य तयार होतं.

“काका, टॉवरनं नाही झालं ते, वयानं झालं होतं,” मी म्हणाले. “वळा आता. काकू तुम्हाला शोधताहेत.”