विनूभाऊंचा साबण

आमच्या शेजारचे विनूभाऊ कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाला लावतात. लग्नाची पत्रिका आली, आधी वास. नवा शर्ट, लाइटचं बिल, भाजीची पिशवी, सगळ्यांना हीच वागणूक. एकदा बँकेतल्या नव्या मॅनेजरबाईंनी पासबुक भरून परत दिलं, तर भाऊंनी तिथे काउंटरवरच ते हुंगलं आणि "बराबर" म्हणून खिशात घातलं. त्या बाई अजूनही त्यांना पाहिलं की जरा मागे सरकून बसतात.

"वास खोटं बोलत नाही," हे त्यांचं ब्रीद. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. म्हणजे आलेली पिंपं आत घ्यायची आणि लागतील तशी बाहेर काढायची. पण संध्याकाळी नरपडच्या आमच्या आळीत शिरले की ते केमिस्ट असायचे. कोणाच्या विहिरीचं पाणी बिघडलं, कोणाचे चिकू गळायला लागले, की भाऊ "आम्ही केमिकलवाली माणसं" अशी सुरुवात करायचे. उपाय लागू पडला नाही तर दोष विहिरीचा किंवा चिकूचा.

ते रिटायर झाले आणि त्याच सुमाराला मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झालं. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात भाऊंनी घरगुती साबण कसा करावा याचा एक व्हिडिओ पाहिला. म्हणजे अर्धा पाहिला. साच्यातून वडी बाहेर आली, तसा त्यांनी तो बंद केला. वडी बाहेर आल्यावर आणखी काय राहतं, हा त्यांचा प्रश्न होता. खरं तर ती महिना-दीड महिना वाळवायची, मगच अंगाला लावायची, हे पुढच्या भागात होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी हेमावहिनींचा, म्हणजे आपल्या बायकोचा, भाताचा ॲल्युमिनियमचा टोप घेतला. पाण्यात कॉस्टिक सोडा पडला मात्र, टोप फसफसून उठला, धुरकट वाफ नाकात गेली आणि भाऊ खोकत थेट विहिरीपर्यंत मागे आले. टोप आतून काळाठिक्कर. वहिनी तो उलटासुलटा करून बघत राहिल्या. "टोपातच भेसळ होती," भाऊंनी निदान केलं.

दुसऱ्या दिवशी स्टीलची बादली आली. मी घरातला वजनकाटा देऊ केला, तर म्हणाले, जन्मभर पिंपं उचलली, आता हातच काटा आहे. खोबरेल वाडीतल्या नारळांचं. सोडा अंदाजाने, आणि भाऊंचा अंदाज नेहमी सढळ. वर सोनचाफ्याच्या पाकळ्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ते सगळं ओतून, गोधडीत गुंडाळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या कापल्या, नाकाशी धरल्या आणि "बराबर" म्हणत आळीतल्या प्रत्येक घरी वाटत सुटले.

मी त्या साबणाने एकदाच हात धुतले. बोटांच्या बेचक्यात आग व्हायला लागली, तशी वडी गुपचूप केळीच्या आळ्यात पुरली. नंतर कळलं की अख्ख्या आळीने हेच केलं होतं. पण भाऊंना दुखवायचं कोणी? आम्ही सगळ्यांनी वासाची तारीफ केली. भाऊ आठवडाभर छाती काढून फिरत होते.

फक्त लक्ष्मीने साबण टाकला नाही. लक्ष्मी रानशेतजवळच्या पाड्यावरून यायची आणि आमच्या आणि भाऊंच्या घरासकट आळीतल्या चार घरांची धुणीभांडी करायची. भाऊंनी तिला कपड्यांसाठी म्हणून मुद्दाम मोठ्या वड्या दिल्या होत्या. भाऊंनी हाताने केलेला साबण, म्हणून ती चारही घरांचे कपडे त्यानेच धूत होती. एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिच्या जावेने निरोप आणला, हात फुटलेत, पाणी लागलं की रक्त येतं.

भाऊ ऐकत होते. आत गेले, राहिलेली वडी घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "खरं सांग. तुला त्रास झाला होता?"

मी हो म्हटलं. मग मलम घेऊन ते स्कूटरवर पाड्यावर गेले. परत आले ते तोंड लपवतच. काय झालं, ते वहिनींकडून कळलं. लक्ष्मीने त्यांना बघितल्याबरोबर हात पदराखाली घेतले होते. भाऊ म्हणाले, साबणामुळे झालं. तिला ते पटेना.

"मना वाटला, माजेच हात खराब झाले," ती म्हणाली. "कामाला दुसरी बाय ठेवू नका, भाऊ. मी येन."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊ वहिनींना म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी भांड्यांचा आवाज आला, म्हणून माझी बायको संध्या बघायला गेली आणि उलट्या पावली परत आली. मोरीवर विनूभाऊ बसले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात काथ्या. आयुष्यात स्वतःचा कप विसळलेला नव्हता या माणसाने. संध्या लाजेने कासावीस झाली. मी त्यांना उठवायला गेलो, तर मान वर न करता म्हणाले, "तिची जागा कोणाला देऊ नका. ती येईपर्यंत मी आहे."

चारही घरी ते असेच जात होते. मागच्या वाटेने, खाली मान घालून. भांडी काही धड निघत नव्हती, आमच्या कढईला चरे पडले, एका घरचा चिनी मातीचा बाऊल गेला. तरी कोणी तक्रार केली नाही.

एकदा संध्याने त्यांना पाहुण्यांच्या कपात चहा नेला. भाऊ मागच्या पायरीवर, लक्ष्मी बसते तिथेच बसले होते. त्यांनी कप घेतला नाही.

"लक्ष्मीला कशात देता?"

संध्याची नजर मोरीच्या खिडकीकडे गेली. तिथे कान तुटलेला एक कप उपडा होता. भाऊंनी तो उचलला, विसळला आणि पुढे धरला.

"आमच्याकडेही आहे असाच," ते म्हणाले. "रोज समोर होता. दिसला परवा."

संध्याने चहा ओतला. मी दारातून आत आलो, कारण तिथे उभं राहायला मला तोंड नव्हतं.

हात बरे झाल्यावर लक्ष्मी कामावर आली. पहिलं घर भाऊंचं. वहिनींनी चहा केला आणि घरच्यांच्या फुलाफुलांच्या कपात तिला दिला. लक्ष्मीने कप हातात घेतला, पण पिईना. ती खिडकीत शोधत होती.

"भाऊ, माजा कप फुटला का?"

भाऊ दारात उभे होते. त्यांनी खिडकीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "माझ्याच हातून."

लक्ष्मी हसली आणि तिने पहिला घोट घेतला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला सवय नाय."