बाबांची न भिजणारी चादर

बाबांची चादर ओली होऊ द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की आमच्या घरात आधी फुटणाऱ्या वस्तू उचलून ठेवतात.)

आई गेली आणि बाबांनी अंथरूण धरलं. बोलणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज ठणठणीत आहे. बोलायची इच्छा नाही." दोन महिने मी त्यांच्या उशाशी बसून एका शब्दाची वाट पाहत होतो. कुठलाही चालला असता. आयुष्यभर ते मला "गाढव" नाहीतर "पालथा घडा" म्हणत आले, तेवढं ऐकायलासुद्धा मी आसुसलो होतो.

त्यांचे हात थरथरायचे, निम्मा चहा चादरीवर सांडायचा. बायको दिवसातून तीनदा चादर बदलायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांना लाज वाटते हे मला दिसत होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी रेनकोटच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून. तिथल्या लॅबच्या मॅडमकडून कापडाला लावायच्या लेपाचा एक कॅन मागून आणला. त्या म्हणाल्या, "यात कापड बुडवून वाळवा. मग थेंबाला धरायला जागाच मिळत नाही. तो गोल होतो आणि जरा उतार मिळाला की घरंगळतो." मी 'उतार' सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

बादलीत लेप ओतून चादर बुडवली. वाळली, अंथरली, चहा सांडला. आणि खरोखर, चहाचे टपोरे मणी चादरीवर नाचू लागले! मी टाळ्या वाजवणार, एवढ्यात सगळे मणी खोलगट भागाकडे निघाले. खोलगट भाग अर्थातच बाबांच्या खाली होता. पूर्वी निदान चादर तरी चहा पीत होती. आता बाबा चहाच्या तळ्यात बसले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या वाटचंही बायकोच बोलली.

चौथ्या दिवशी बाबांना ताप भरला.

"चहामुळे का हो?" मी डॉक्टरांना विचारलं.

"नाही, वयामुळे. आता फार दिवस नाहीत. कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवा."

मी रुमाल पाण्यात बुडवून काढला. कोरडा. पुन्हा बुडवला. कोरडा. नॅपकिन, टॉवेल, सगळे तसेच.

"अगं, काय झालंय या कपड्यांना?"

"काय व्हायचंय? तुम्ही बादलीत साबण भिजवून ठेवला होतात, परवा त्यातच सगळे बुचकळले."

"तो साबण नव्हता!"

"तरीच! म्हटलं, हे आणि साबण भिजवतील?" असं म्हणत ती जुनं कापड शोधायला धावली.

तोवर मी रुमालाची खोलगट घडी करून त्यात पाणी ओतलं आणि ती बाबांच्या कपाळावर टेकवली. माझा हात थरथरला. (घराण्यातच आहे ते.) थेंब निघाले. एक कानात गेला, दोन भुवईवरून घसरले, आणि एक टपोरा थेंब नाकावरून सरकत शेंड्याला जाऊन लोंबकळला.

बाबांनी डोळे उघडले. नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"गाढवा," ते अगदी स्पष्ट म्हणाले, "पाणी तरी धड लावता येतं का रे तुला?"

मला रडूच फुटलं. "नाही बाबा, नाही येत. अजून बोला ना!"

पण ते तेवढंच बोलले. किंचित हसले, असं मला वाटलं, आणि माझ्या मनगटावर हात ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

घर माणसांनी भरलं. जो तो कपाटातला रुमाल घ्यायचा, आणि पुसलेले अश्रू घरंगळत हनुवटीपर्यंत यायचे. बाबांसाठी इतकी माणसं इतकी रडताहेत हे बघून मला गलबलून आलं.

संध्याकाळी थोरली ताई परगावाहून पोचली. तिची भेट हुकली होती. मला जवळ ओढून तिनं विचारलं, "शेवटी काही बोलले का रे?"

तिला बरं वाटावं (आणि खरं सांगायचं तर मलाही) म्हणून मी म्हणालो, "हो. म्हणाले, 'बाळा, तू माझं फार केलंस.'"

ताईनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे रे," ती म्हणाली, "'गाढवा' म्हणाले असतील ते कळलं मला. त्याच्या पुढे काय म्हणाले, ते सांग."